आई-आबांना मोबाइलवर आरोग्याची खरी माहिती सापडत नाही? या क्रमाने तपासा

"भाऊ, मन्हा मोबाईल बिघडी गया. यामा काहीच सापडस नही."

अमळनेरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यातच एका बाजूला ऑनलाइन फॉर्म भरून देतो. वरचं वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतं. बोलणारे बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेले, आसपासच्या खेड्यांतून बाजाराला किंवा दवाखान्यात आलेले. काय शोधत होतात म्हणून विचारलं तर शुगर, गुडघे, बीपीची गोळी, डोळ्याचं ऑपरेशन. फोन हातात घेऊन बघतो तर फोन ठणठणीत. बिघाड दुसरीकडेच असतो, आणि बहुतेक वेळा तो एक रुपया न खर्चता निघतो. ज्यांचे आई-वडील इकडे गावी आहेत आणि स्वतः सुरत, नाशिक, पुण्याला कामाला आहेत, त्यांच्यासाठी माझा तपासण्याचा क्रम लिहितो आहे. सुट्टीत घरी आलात की एक दुपार यासाठी काढा.

लक्षणं

खालच्यापैकी एक-दोन जरी दिसली तरी पुढचं वाचा.

- बोलून शोधलं की भलतंच काही उघडतं, नाहीतर नुसती दुकानं आणि विक्रीची पानं येतात.
- एकाच आजारावर रोज वेगळा उपाय ऐकू येतो, आणि प्रत्येक वेळी "मोबाइलवर लिहिलंय" असं उत्तर मिळतं.
- नेटवरचा आकडा आणि रिपोर्टमधला आकडा जुळत नाही, म्हणून झोप उडते.
- डॉक्टरांनी दिलेली गोळी न सांगता बंद केलेली सापडते.
- फोनवर सारख्या "तुमच्या मोबाइलमध्ये व्हायरस आहे", "गुडघेदुखी ७ दिवसांत गायब" अशा सूचना येतात.
- घरी न सांगता मागवलेल्या चूर्णाचं पार्सल येतं.

आधी चष्मा, मग अक्षरं

याला काहीच लागत नाही, म्हणून हे पहिलं. पातोंड्याच्या एक जिजी औषधाची माहिती वाचून माझ्याकडे आल्या होत्या. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असं त्यांनी वाचलं होतं आणि तीन दिवस त्या तशीच घेत होत्या. पोटात जळजळ सुरू झाली होती. पान उघडून बघितलं तर लिहिलं होतं, "ही गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये." शेवटचा "नये" खालच्या ओळीत गेला होता. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. बारीक अक्षरं, अर्धी ओळ वाचून थकलेले डोळे, आणि शेवटचा शब्द सुटला की अर्थ थेट उलटा होतो. त्या दिवसापासून मी आधी चष्म्याचं विचारतो. पुष्कळदा जवळचा चष्मा घरी राहिलेला असतो, किंवा त्याचा नंबर पाच-सहा वर्षं तपासलेलाच नसतो.

मग सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन अक्षराचा आकार वाढवा. क्रोममध्ये अक्षर वाढवायची सोय त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी'त वेगळी असते, ती बरेच जण विसरतात. फोनची भाषा इंग्रजी असेल तर मराठी करा. ज्यांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं, त्यांच्यासाठी अँड्रॉइडच्या अॅक्सेसिबिलिटीत निवडलेला मजकूर वाचून दाखवायची सोय आहे, ती चालू करून द्या.

अक्षर मोठं करूनही "धुरकट दिसस" म्हणत असतील, रात्री दिव्याभोवती कडं दिसत असेल, तर फोनशी खटपट थांबवा. मोतीबिंदू असू शकतो. सरकारी रुग्णालयांत त्याची तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत होते.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला

इथे आपल्या खान्देशची खास अडचण आहे. माइकचं चिन्ह दाबून आबा बोलतात अहिराणीत: "गुडघा दुखस, काय करू?" फोनला प्रमाण मराठी समजते, अहिराणी नीट समजत नाही. रावेर-यावलकडची लेवा बोली असो की नंदुरबारची भिली, सगळ्यांचं तेच होतं. फोन जवळचा दुसराच शब्द धरतो आणि भलतंच शोधून आणतो. माणसाला वाटतं, आपल्यालाच येत नाही. हा समज आधी काढून टाकावा लागतो. मी सरळ सांगतो, "आबा, तुमचं बोलणं बरोबर शे, यालेच अहिराणी येत नही." चेहरा लगेच मोकळा होतो, आणि मग शिकणं सुरू होतं.

उपाय साधा आहे. पूर्ण वाक्य न बोलता आजाराचं नाव आणि काय हवं ते, असे दोन-तीन शब्द बोलायचे: "गुडघेदुखी कारणे", "उच्च रक्तदाब आहार", "मोतीबिंदू शस्त्रक्रिया काळजी". अशा दहा-बारा ओळी मी एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो. कार्ड फोनच्या कव्हरमध्ये राहतं.

दुसरी चूक सुशिक्षितांकडूनही होते. उत्तर आधीच मनात धरून प्रश्न विचारला जातो. "केळी खाल्ल्याने शुगर कमी होते का" असं शोधलं की होते म्हणणारी पानं वर येतात, आणि "केळी खाल्ल्याने शुगर वाढते का" शोधलं की वाढते म्हणणारी. केळीच्या पट्ट्यातले आपण, हा प्रश्न माझ्या दुकानात सतत असतो. म्हणून "मधुमेह केळी किती" असं शोधायला शिकवतो, ज्यात हो किंवा नाही आधीच भरलेलं नसतं.

"वात", "गॅस", "पित्त" हे शब्दही सांभाळून वापरा. घरात यांचा अर्थ काहीही होतो. छाती दाबल्यासारखी होत असताना "गॅसवर उपाय" शोधत बसलेला माणूस मी पाहिला आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

वर दिसतं ते उत्तर आहे की जाहिरात

गूगलच्या पानावर सगळ्यात वर जे येतं तेच खरं, असं जवळपास प्रत्येक जण धरून चालतो. वरच्या काही ओळी पैसे भरून आलेल्या असतात. त्यांच्यावर "प्रायोजित" असं बारीक लिहिलेलं असतं. तो शब्द बोट ठेवून दाखवा, त्यांच्याकडून वाचून घ्या आणि खाली सरकायला सांगा. हल्ली वरच यंत्राने जुळवलेला सारांशही येतो. तो वाचायला सोपा असतो पण चुकू शकतो, विशेषतः गोळीच्या मात्रेबाबत. त्याखाली दिलेलं मूळ पान उघडल्याशिवाय त्यावर काही करायचं नाही.

"मधुमेह मुळापासून बरा", "कॅन्सरवर रामबाण" असं लिहिलेलं दिसलं की पुढे वाचायचंच नाही. अशा आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ही एक गोष्ट ज्येष्ठांना फार पटते. "जाहिरात खोटी आहे" म्हटलं तर वाद घालतात, "सरकारने बंदी घातली आहे" म्हटलं तर ऐकतात.

नाव आणि मोजमाप जुळतं का

मला वाटतं सगळ्यात जास्त घबराट इथून निघते, आणि घरातल्या तरुणांनाही हे माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर.

एक नाना रिपोर्ट घेऊन आले. उपाशीपोटी शुगर १२६. नेटवर त्यांनी वाचलं होतं की ७ च्या वर गेली की मधुमेह. "७ च्या जागी १२६, म्हनजे मी कसा वाचनू?" हात थरथरत होते. पान इंग्लंडचं होतं. तिकडे रक्तातली साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्या लॅबमध्ये मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. ७ गुणिले १८ म्हणजे १२६. दोन्ही आकडे एकच होते. त्यांना डॉक्टरांकडे जायला हवंच होतं, कारण १२६ ही मधुमेह ठरवायची हद्द आहे आणि चाचणी पुन्हा करून खात्री करावी लागते. पण रात्रभर जागायचं काही कारण नव्हतं.

तापाचं तसंच. आपण फॅरनहाइटमध्ये बोलतो, नेटवर सेल्सिअस येतं. १०४ फॅरनहाइट म्हणजे ४० सेल्सिअस. "ताप ४०" वाचून कुणाला तो कमी वाटू शकतो, आणि ते धोक्याचं आहे. क्रिएटिनिनचंही (मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीतला आकडा) एकक देशागणिक बदलतं. म्हणून नियम एकच: आकड्यापुढे जे लिहिलं आहे ते रिपोर्टमध्ये आणि पानावर सारखं नसेल, तर तुलना करायची नाही.

औषधाच्या नावाचं दुखणं याहून मोठं. ब्रँडच्या नावाने शोधलं की मिळतंजुळतं दुसरंच औषध येतं, एका अक्षराच्या फरकाने. पट्टीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही छापलेलं असतं, त्याच नावाने शोधा. परदेशी पानांवर मूळ नावही कधी वेगळं असतं. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होतं. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतली तर एकाच औषधाची दुप्पट मात्रा पोटात जाते आणि यकृतावर बेतते. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की मूळ नाव, बॅच आणि मुदत दिसते. पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

लिहिलं कोणी, कधी आणि कशासाठी

पान उघडल्यावर तीन गोष्टी बघायची सवय लावतो: कोणी लिहिलं, शेवटचं कधी तपासलं, आणि शेवटी काही विकत घ्यायला सांगतात का. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तर ते सरकारी पान. इंग्रजी वाचणारं कुणी घरात असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पानं आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं 'मेडलाइनप्लस' चांगलं. ते १९९८ पासून चालू आहे, तिथे जाहिराती नसतात आणि पानावर तारीख असते. क्रोमच्या तीन ठिपक्यांत भाषांतराची सोय आहे, पण मात्रा आणि नकार मूळ इंग्रजीत एकदा पडताळून घ्या.

आहाराच्या सल्ल्यात एक जास्तीची चाळणी लावा. ओट्स आणि ब्रोकोली लिहिलेलं वाचून आपल्या म्हाताऱ्या माणसांना वाटतं की हे आपल्यासाठी नाहीच, आणि मग सगळंच सोडून देतात. दादर ज्वारीच्या किंवा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबद्दल तिथे लिहिलेलं नसतं. ते आहारतज्ज्ञालाच विचारावं लागतं.

"कमी सोडियमचं मीठ बीपीला चांगलं" हे बऱ्याच पानांवर असतं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. माहिती खरी असूनही आपल्या माणसाला लागू नसते, ती अशी.

फॉरवर्ड

इथून पुढे काम अवघड होतं, कारण इथे माणसं मध्ये येतात. "हाई खरं शे का?" असं विचारणारे थोडे. बाकीच्यांचा प्रश्न असतो, व्याह्यांनी पाठवलेलं खोटं कसं म्हणायचं?

मी पाठवणाऱ्याबद्दल काही बोलत नाही. मेसेजवरचे दोन बाण दाखवतो. दोन बाण म्हणजे तो मजकूर मुळापासून किमान पाच हात फिरून आलेला आहे. व्याह्यांनी लिहिलेला नाही, त्यांनाही कुणीतरी पाठवलेला आहे. एवढं समजलं की नातं बाजूला राहतं आणि मजकुरावर बोलता येतं.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो: ४५ अंशांत थंड पाणी प्यालं की रक्तवाहिनी फुटते. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हा मेसेज जिवावर बेतू शकतो, कारण ऊन लागलेल्या माणसाला उलट लवकर गार करावं लागतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, पंखा लावा, शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाणी द्या आणि १०८ ला फोन करा. दुसरा मेसेज म्हणजे हार्ट अटॅक आला की जोरजोरात खोकायचं. तिसरा, लकवा मारला की बोटांना सुई टोचायची. दोन्ही खोटे. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. सुई शोधण्यात गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो.

घरच्या ग्रुपवर चारचौघांत "आबा, हे खोटं आहे" असं लिहू नका. पुढच्या वेळी ते विचारणार नाहीत, थेट करून बघतील. फोन करून बोला.

फोनची सफाई

वरचं सगळं करूनही व्हायरसच्या सूचना आणि चूर्णाच्या जाहिराती येत असतील, तर तासभर बसा. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन. ज्या ज्या साइटला परवानगी गेलेली आहे ती काढा. कधीतरी घाईत "अलाउ" दाबलेलं असतं, एवढंच कारण. "व्हायरस आहे" म्हणणाऱ्या सूचना बहुतेक इथूनच येतात, फोनमध्ये व्हायरस नसतो. मग अॅपची यादी बघा. बीपी किंवा शुगर "फोनवर बोट ठेवून" मोजतो म्हणणारं अॅप असेल तर काढून टाका आणि बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या. गोळीचा निर्णय अशा अॅपच्या आकड्यावर घेऊ नका.

व्हॉट्सअॅपवर आलेली, नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाइल कधीच उघडायची नाही, ती योजनेच्या कार्डाच्या नावाने आली तरी. आयुष्मान कार्डाच्या नावाने हे फार चालतं. ७० वर्षं आणि त्यावरील सगळ्यांना ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचं कार्ड खरंच आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. म्हणूनच फसवणूक पटते. ते सरकारी संकेतस्थळावर आधारने निघतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

इथे थांबा

काही वेळा शोधणं हाच धोका असतो. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, अचानक घाम; तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं; धाप; शुद्ध हरपणं. यात मोबाइलवर एकच गोष्ट करायची: १०८ लावायचा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

चालू गोळी बंद करायची, कमी करायची किंवा नवी जोडायची असेल, तर कितीही चांगलं पान असलं तरी डॉक्टरांनाच विचारा. लांब जाणं जमत नसेल तर 'ई-संजीवनी' ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सरकारी सेवा मोफत आहे. गावच्या आरोग्य उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकारी ती जोडून देतात. सल्ल्यासाठी १०४ आहे, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. ऑनलाइन सल्ला देणाऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा असतो, २०२० पासून तसा नियम आहे. तो विचारला आणि समोरचा चिडला, तर फोन ठेवा.

फसवणुकीत पैसे गेले असतील तर माझ्यासारख्या दुकानदाराकडे येण्याआधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. तिथे प्रत्येक मिनिट मोजलं जातं. आई-वडिलांवर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवतील.

आणि एक गोष्ट, जी मला शिकायला बरीच वर्षं लागली. एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे नेहमी यायचे, फोन माझ्यापेक्षा चांगला वापरायचे. एका महिन्यात तिसऱ्यांदा आले आणि फोन कसा उघडायचा ते विचारलं. मी तिन्ही वेळा लॉक काढून दिला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला माझं नाव विचारलं. परवापर्यंत येत असलेली गोष्ट आज येत नसेल, तर ते फोनचं काम नसतं. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायचं असतं, आणि लवकर दाखवलं तर काही कारणं बरी होण्यासारखी असतात, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडसारखी. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला, बाकावर बसवलं आणि दुकानामागे जाऊन त्यांच्या मुलाला सुरतेला फोन लावला.